भाव ठरला की पुकारा: जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टवर स्वतःचे इव्हेंट

लासलगावचा कांदा लिलाव घ्या. ट्रॉलीचा भाव ठरला की फळ्यावरचा कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी भाव बदलतो, सौदा पट्टी निघते, शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप जातो. ही सगळी कामं लिलावाच्याच कोडमध्ये कोंबली, तर चौथं काम आलं की चालता कोड पुन्हा उघडा! त्यापेक्षा लिलावाने नुसता पुकारा करावा. ऐकायचं ज्याचं त्याने बघावं.

‘लिलाव’ हा क्लास इव्हेंटटार्गेटवरून, म्हणजे इव्हेंट पुकारायची आणि ऐकायची सोय देणाऱ्या तयार क्लासवरून, एक्स्टेंड करा. कन्स्ट्रक्टर लिहिणार असाल तर ‘धिस’ला हात लावण्याआधी सुपर बोलवा. क्रोम 64, फायरफॉक्स 59 आणि सफारी 14 पासून हे थेट चालतं. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) इव्हेंटटार्गेट 15 पासून आहे, पण कस्टमइव्हेंट (स्वतःची माहिती सोबत नेणारा इव्हेंट) फ्लॅगशिवाय मिळतो तो 19 पासून.

भाव ठरल्यावर आधी ऑब्जेक्टमधली नोंद बदला, मगच ‘भाव-ठरला’ नावाचा कस्टमइव्हेंट करून ‘धिस’वर डिस्पॅचइव्हेंट बोलवा. क्रम उलटला तर फळा जुनीच सरासरी दाखवतो, कारण डिस्पॅच तिथल्या तिथे, सगळे लिसनर (पुकारा ऐकणारी फंक्शन्स) संपेपर्यंत चालतो. ट्रॉलीचा नंबर आणि क्विंटलचा भाव ‘डिटेल’मध्ये द्या, दुसऱ्या नावाने दिलेली माहिती गुपचूप गळून जाते. इव्हेंटचं नाव देवनागरीत चालतं, मात्र ते एकाच कॉन्स्टंटमध्ये ठेवा. नावात एखादं न दिसणारं जोडअक्षर-चिन्ह (झिरो-विड्थ जॉइनर) शिरलं तरी ते वेगळं नाव ठरतं, आणि एरर कुठेच येत नाही.

सगळ्यात जास्त दगा देतो तो लिसनर लावण्याचा भाग. एका ट्रॉलीच्या दोन पट्ट्या निघायला लागल्या, तर स्क्रीन उघडताना अ‍ॅडइव्हेंटलिसनर किती वेळा चालतो ते आधी बघा. तेच फंक्शन दुसऱ्यांदा दिलं तर ब्राउझर दुर्लक्ष करतो. जागेवर लिहिलेलं ॲरो फंक्शन मात्र दर वेळी नवं असतं, म्हणून साठत जातं. लिसनर काढतानाही लावलेलं तेच फंक्शन हातात असावं लागतं. आम्ही लिसनर लावतानाच ॲबॉर्टकंट्रोलरचा सिग्नल देण्याच्या मताचे आहोत: स्क्रीन बंद होताना एकदा ॲबॉर्ट केलं की त्या सिग्नलवरचे सगळे लिसनर निघतात. एकदाच ऐकायचं असेल तर ‘वन्स’ हा पर्याय पुरे.

लिसनरमध्ये एरर आली तर डिस्पॅचभोवतीचा ट्राय-कॅच ती पकडत नाही. ब्राउझर ती कन्सोलवर टाकतो आणि पुढचे लिसनर चालू ठेवतो; नोडमध्ये मात्र आख्खी प्रोसेस पडू शकते. म्हणून निरोप पाठवणाऱ्या लिसनरमध्येच ट्राय-कॅच ठेवा.

शेतकऱ्याला भाव पटला नाही तर तो सौदा नाकारतो. त्यासाठी नोंद करण्याआधी ‘सौदा-होतोय’ हा वेगळा इव्हेंट ‘कॅन्सलेबल’ खरं ठेवून पुकारा. लिसनरने प्रिव्हेंटडिफॉल्ट केलं की डिस्पॅचइव्हेंट ‘फॉल्स’ परत देतो, मग तिथेच थांबा. हा नकार लिसनरमधल्या पहिल्या अवेटच्या आधीच द्यायला हवा. नंतर दिला तर सौद्याची नोंद तोवर होऊन गेलेली असते. शेतकऱ्याच्या बटणाची वाट बघायची असेल, तर ती पुकाऱ्याच्या आधी बघा.