मॉडेल ए फोर्डची स्पोकची चाकं हायड्रॉलिक ड्रमवर बसवताय? या चुका टाळा

फोर्ड मॉडेल ए (१९२८ ते १९३१) बाळगणाऱ्याला कधी ना कधी ब्रेक बदलायची हुक्की येतेच. मूळचे ब्रेक दांड्यांवर ओढले जाणारे, ड्रम ११ इंची. नीट जुळवले तर ते लोक समजतात तितके वाईट नाहीत, पण आजच्या रहदारीत पुढचा टेम्पो अचानक थांबला की पोटात गोळा येतो. फोर्डने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक दिले १९३९ मध्ये. तेव्हापासून १९४८ पर्यंतचा १२ इंची ड्रमचा संच मॉडेल एवर चढवणं ही जगभर रुळलेली सुधारणा आहे. चाकं मात्र सगळ्यांना मूळचीच हवी असतात, आणि घोळ तिथेच होतो.

पहिली चूक खरेदीतली. ‘३९ चे हायड्रॉलिक’ म्हणून मिळालेला संच हब (चाक ज्यावर बोल्टांनी बसतं तो मधला भाग) आणि ड्रमसकट उचलू नका. १९३६ ते १९३९ या काळात फोर्डच्या गाड्यांना पाच बोल्ट होते, पण १०.२५ इंचाच्या भल्यामोठ्या वर्तुळावर. मॉडेल एचं वर्तुळ ५.५ इंचाचं, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. तिथे काहीच जुळत नाही. १९४० पासून फोर्ड पुन्हा ५.५ इंचावर आली. तुम्हाला हवेत ते १९४० ते १९४८ चे हब आणि ड्रम.

आता खरी मेख. १९४० नंतरच्या ड्रमवर मॉडेल एचं चाक सहज बसतं. पाचही बोल्ट भोकांतून येतात, नट लागतात, रिम १९ किंवा २१ इंची असल्यामुळे ड्रमभोवती जागाच जागा दिसते. मिस्त्री म्हणतो, ‘झालं साहेब’. झालेलं नसतं.

स्पोकच्या चाकाचा मधला भाग म्हणजे पत्र्याची पोकळ वाटी. तिची बाहेरची कड बोल्टांच्या वर्तुळापलीकडे ड्रमवर टेकावी, अशी तिची रचना आहे, आणि त्या काळच्या ड्रमला टेकायला तशी जागा ठेवलेली असते. १९४० नंतरचे ड्रम सपाट पत्र्याच्या दाबीव चाकांसाठी बनले. त्यांना बाहेरच्या कडेला आधार देण्याची गरज नव्हती, म्हणून तो नाही. नट आवळले की बोल्टांपाशी पत्रा आत खेचला जातो आणि कड अधांतरी राहते. चाक वाकतं. मग दर वळणाला, दर ब्रेकला तो पत्रा लवत राहतो आणि काही काळाने भोकांभोवती केसासारख्या चिरा पडतात. नट पुन्हा पुन्हा सैल होणं, वळताना करकर ऐकू येणं ही आधीची लक्षणं. अशा वेळी लोक नट आणखी आवळतात, म्हणजे पत्रा आणखी वाकवतात.

उपाय स्वस्त आहे: ड्रम आणि चाक यांच्यामध्ये पोलादी आधाररिंग. जुन्या फोर्डचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे ती तयार मिळते, चांगला लेथवालाही करून देईल. जाडी मात्र कुणाच्या सांगण्यावरून ठरवू नका. चाक नुसतं हाताने लावा, नट बोटांनी टेकवा आणि कडेखालची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी मोजा. रिंग इतकीच हवी की चाक बोल्टांपाशी आणि कडेला एकदमच टेकेल. जास्त जाड झाली तर बोल्टांपाशी फट राहते, म्हणजे तोच रोग उलट्या बाजूने. आणि रिंग ड्रमवर वेल्ड करू नका. उष्णतेने ड्रम वाकला की पेडल पायाखाली उसळत राहील.

रिंग आली की बोल्ट आखूड पडतो का ते बघा. अर्ध्या इंचाचे बोल्ट, इंचाला २० आटे. नट बोल्टच्या जाडीइतका तरी आत गेला पाहिजे, म्हणजे किमान दहा पूर्ण फेरे. सात-आठ फेऱ्यांत आवळला जात असेल तर लांब बोल्ट घाला. ते बदलतानाही सांभाळा: या हबचे मूळ बोल्ट मुळाशी फुगवून ठोकलेले असतात. फुगवटा कटरने न कापता प्रेसवर दाबून काढलात तर हबचं भोकच मोठं होतं आणि नवा बोल्ट त्यात फिरत राहतो.

नटांबाबत आपल्याकडची एक खास सवय. जीपचं वर्तुळही ५.५ इंचाचं आणि आटेही तेच, म्हणून गॅरेजमध्ये पडलेले जीपचे नट सर्रास लावले जातात. आटे जुळले तरी नटाचं बूड चाकाच्या भोकात पूर्ण टेकतं का हे वेगळं बघावं लागतं. बुडाला मार्करची शाई लावा, नट आवळून सोडा. शाई पूर्ण गोल उमटली तर ठीक, दोन ठिपके उमटले तर ते नट परत जीपकडे. जुन्या जीपच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात, तेही त्या डब्यात मिसळलेले असू शकतात.

पावडर कोटिंगचा जाड थर टेकण्याच्या जागेवर नको. तो दबत जातो आणि नट ढिले होतात. रंगापूर्वी भोकांभोवती चिरा तपासून घ्या, नंतर त्या दिसणार नाहीत.

चाक डगडगत असेल तर दोष चाकालाच देऊ नका. आधी चाक काढून ड्रमच्या तोंडावर डायल गेज (फिरताना किती डुलतं ते काट्याने दाखवणारं माप) लावा. मागच्या बाजूला हब निमुळत्या दांड्यावर बसतो. तिथे घाण किंवा हबला दांड्याशी जखडणारी चावी झिजलेली असेल तर ड्रमच तिरका फिरतो. ड्रम सरळ असेल तरच चाकाकडे वळा. मॉडेल एच्या स्पोक वेल्ड केलेल्या आहेत. सायकलसारखी निपल पिळून बाक काढता येत नाही, त्यामुळे फार वाकलेलं चाक बदलणंच बरं.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर नट एकदा पान्याने तपासा, इम्पॅक्ट गनने नव्हे. पंक्चरवाल्यालाही बजावून ठेवा. रिंग सुटी असते, चाकाबरोबर निघून येते आणि स्टेपनी लावताना रस्त्याच्या कडेलाच राहून जाते. एक जादा रिंग डिकीत असू द्या.