ऑलिव्ह तेल हृदयासाठी घेताय? मग ठसका लागणारं घ्या

ऑलिव्हच्या फळाचा आणि पानाचा कडूपणा ओल्युरोपिनमुळे असतो. फळ भरडलं की त्यातून हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि त्याचे भाऊबंद तयार होतात, थोडे तेलात उतरतात आणि रक्तातल्या चरबीचं ऑक्सिडेशन रोखायला मदत करतात. लेबलवर तसं छापायला युरोपीय संघाने २०१२ मध्ये परवानगी दिली, पण मापासकट: २० ग्रॅम तेलात ही द्रव्यं किमान ५ मिलिग्रॅम हवीत आणि रोज २० ग्रॅम तेल पोटात जायला हवं. म्हणजे १५ मिलीचे जेमतेम दीड चमचे.

दुकानात पहिली चूक होते. 'पोमेस' म्हणजे चोथ्यातून सॉल्व्हंटने काढून रिफाइन केलेलं तेल. 'लाइट'ही रिफाइन्डच, त्यात कॅलरी तेवढ्याच असतात. दोन्हींतून ही द्रव्यं जवळपास निघून गेलेली असतात. एक्स्ट्रा व्हर्जिनच घ्या, गडद काचेची बाटली किंवा डबा, आणि फळतोडणीची तारीख छापली असेल तर सर्वांत ताजी. पिकुआल, कोरोनेकी या जाती कडक, आर्बेकिना सौम्य.

घरी चव घेऊन बघा. छोट्या वाटीत चमचाभर तेल घ्या, तळहातांत धरून कोमट करा, वास घ्या. जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास आला तर बाटली परत करा. मग थोड्या हवेसकट घोट घ्या आणि दहा सेकंद थांबा. जिभेला कडवट लागून घशात टोचलं, खोकला आला, तर ते ओलिओकँथल, याच द्रव्यांच्या कुळातलं घशाला झोंबणारं द्रव्य. हवं ते हेच. नुसतं लोण्यासारखं मऊ लागलं तर जात सौम्य किंवा तेल जुनं. फ्रिजमध्ये गोठतं का, यावरून मात्र शुद्धता अजिबात कळत नाही.

फोडणी शेंगदाणा तेलाचीच असू द्या. हे तेल गॅस बंद केल्यावर वरणावर, उसळीवर, कोशिंबिरीत घाला. लसणाच्या चटणीत कालवून भाकरीबरोबर तर फारच छान. तळणीत ही द्रव्यं बरीच नासतात, महाग तेल फुकट जातं. २० ग्रॅमच्या १८० कॅलरी होतात, म्हणून तेवढं दुसरं तेल-तूप कमी करा. वरून भर घातलीत तर वजनच वाढेल.

उजेड, उष्णता आणि हवा हे तिन्ही तेलाचे वैरी. शेगडीशेजारी पारदर्शक बुधलीत ओतून ठेवू नका. एका माणसाला ५०० मिली साधारण तीन आठवडे पुरतं; पाच लिटरचा डबा स्वस्त पडला तरी संपेपर्यंत ठसका गेलेला असतो.

पानांच्या अर्काच्या कॅप्सूल हा वेगळा मामला. २०११ च्या इंडोनेशियातल्या चाचणीत सौम्य उच्च रक्तदाब असलेल्यांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे दिल्यावर रक्तदाब कॅप्टोप्रिल या बीपीच्या गोळीइतकाच उतरला. म्हणूनच बीपीच्या गोळीच्या जोडीला त्या परस्पर सुरू करू नका. दाब जास्तच उतरून चक्कर येऊ शकते. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना बाटली दाखवा, आणि चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.