दहा गुंठे गवत: न्यू जर्सीत पहिलं घर घेतलेल्यांसाठी

एप्रिल उजाडला की मला एक ठरलेला फोन येतो. हिवाळ्यात घराचं क्लोझिंग, म्हणजे खरेदीचा व्यवहार, झालेलं कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानात पोत्यांसमोर उभं असतं. "काका, बियाणं घेऊ, खत घेऊ की दोन्ही?" माझं उत्तर ठरलेलं आहे. बियाणं परत ठेवा आणि गणपतीत या.

मी कराडकडचा, ऊसवाल्या घरातला. तरीही इथली पहिली चार वर्षं लॉनच्या बाबतीत अक्षरशः मातीत घातली, कारण डोक्यात आपला हंगाम होता. आपल्याकडे गवत जूनमध्ये उठतं आणि दिवाळीनंतर वाळायला लागतं. इथे लॉनवर असतं ते थंडीचं गवत: टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, रायग्रास. ते एप्रिल-मेमध्ये जोरात वाढतं, जुलैच्या उन्हात झोपतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा उठतं. पाऊस मात्र वर्षभर थोडा थोडा, महिन्याला साधारण चार इंच. तेव्हा लॉनचा खरा पेरणीचा हंगाम भाद्रपद-आश्विनात, वसंतात नाही. एवढं एक डोक्यात बसलं तर पुढचं निम्मं तुमचं तुम्हालाच सुचेल.

आधी मोजणी करून घ्या. पाव एकराचा लॉट म्हणजे बरोबर दहा गुंठे. घर, ड्राइव्हवे आणि डेक वजा जाता सहा-सात गुंठे गवत उरतं. खता-बियाण्याची प्रमाणं साधारण हजार चौरस फुटांमागे सांगतात आणि आपला गुंठा 1089 चौरस फुटांचा, त्यामुळे हजार फूट म्हणजे गुंठा धरून चाला. डोळ्यांच्या अंदाजाने खत टाकू नका. मी टाकलं होतं. तीन आठवडे अंगणात हिरवे-पिवळे पट्टे होते आणि शेजारचे आजोबा रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन ते बघत उभे राहायचे.

वसंतातली माझी मोठी चूक सांगतो, कारण दर वर्षी कुणीतरी ती करतंच. क्रॅबग्रास नावाचं तण इथे उन्हाळ्यात माजतं. ते उगवूच नये म्हणून आधीच टाकायचं औषध मिळतं, प्री-इमर्जंट म्हणतात. मी ते टाकलं आणि त्याच आठवड्यात उघड्या जागांवर नवीन बियाणंही पेरलं. रोज पाणी घातलं. एक पातं उगवलं नाही. ज्या औषधाने तणाचं बी उगवत नाही, त्याने गवताचं बी तरी कसं उगवेल? पोत्यावर हे लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं.

हे औषध टाकायची वेळ साधारण गुढीपाडव्याच्या आसपासची. पण पाडवा 2024 मध्ये 9 एप्रिलला होता आणि 2026 मध्ये 19 मार्चला, त्यामुळे पंचांग बघू नका, फोर्सिथिया बघा. पानं फुटायच्या आधीच फांद्यांवर पिवळीधमक फुलं येणारं हे झुडूप प्रत्येक गल्लीत असतं. त्याचा बहर भरात आला की औषध टाकायचं, फुलं गळेपर्यंत उरकायचं. जमीन 55 फॅरनहाइटच्या आसपास तापली की क्रॅबग्रास उगवायला लागतं आणि फोर्सिथिया त्याच सुमाराला फुलतं. या औषधात बहुतेक वेळा खत मिसळलेलं असतं, तेव्हा वरून वेगळं खत घालू नका.

क्रॅबग्रासवरून आठवलं. गणपतीला भारतातून आलेल्या आजी हौसेने अंगणातल्या दुर्वा खुडून आणतात. त्या नव्वद टक्के वेळा क्रॅबग्रास असतं. लांबून दिसतं तसंच, पण पातं रुंद आणि मऊ. दुर्वा म्हणजे आपली हरळी, तिची पानं बारीक आणि खोड गाठीगाठीने जमिनीवर धावतं. बाप्पा चालवून घेतील, पण त्या जागेवर औषध मारलेलं असेल तर हार देवापर्यंत जायच्या आधीच थांबवा.

आता कापणी. लॉन बिघडतं ते सगळ्यात जास्त इथेच. खाली घासून कापलं की पुढचा आठवडा सुटका, असं आपल्याला वाटतं. मी एका जुलैमध्ये भारतात जायच्या आदल्या दिवशी असंच दीड इंचावर कापलं. तीन आठवड्यांनी परत आलो तेव्हा ड्राइव्हवेच्या बाजूचा सगळा पट्टा काथ्यासारखा झाला होता आणि मधून क्रॅबग्रास हात पसरून बसलं होतं. मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, तीन ते साडेतीन इंचांवर ठेवा, उन्हाळ्यात चारला नेलंत तरी चालेल. उंच गवत स्वतःच्या मुळांवर सावली धरतं, मुळं खोल जातात आणि तणाच्या बियाला ऊन मिळत नाही. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. म्हणजे मेमध्ये कधी कधी पाच दिवसांनी मोअर काढावा लागतो आणि ऑगस्टमध्ये पंधरा दिवस हात लावायचं काम नसतं. "दर शनिवारी" हा नियम गवताला माहीत नाही.

कापल्यावर दुसऱ्या दिवशी खाली बसून एक पातं हातात घ्या. टोक सरळ कापलेलं आणि हिरवं असेल तर ठीक. टोकाला पांढुरकी झालर सुटली असेल, तर पातं कापलं गेलेलं नाही, ओरबाडलं गेलंय. लांबून अख्ख्या लॉनवर राखाडी छटा दिसते ती यामुळेच, आणि आपण खत कमी पडलं समजून आणखी एक पोतं आणतो. मोअरच्या पात्याला वर्षातून निदान एकदा, जमल्यास दोनदा धार लावून घ्या. पात्याला हात घालण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढा किंवा बॅटरी बाहेर काढा. आणि मोअर चपला घालून चालवायचा नाही. ज्याने पहिल्या वर्षी कोल्हापुरी घालून चालवला, तो हे सांगतोय.

कापलेलं गवत उचलून पिशव्या भरत बसू नका. तिथेच पडू द्या, आठवड्याभरात जिरतं आणि नत्र परत मातीत जातं. रस्त्यावर उडालेलं तेवढं झाडून आत घ्या, गटारात ढकलू नका. पावसानंतर लगेच कापू नका, वाफसा येऊ द्या. चिखलात मोअरच्या चाकांचे चर पडतात आणि माती दबते. मागे झाडी असेल, हरणं येत असतील, तर काम झाल्यावर पोटऱ्या आणि गुडघ्यांमागची जागा नीट तपासा. इथल्या गोचिडींमुळे लाइम रोग होतो आणि तो हसण्यावारी न्यायचा विषय नाही.

उन्हाळ्यात पाणी आठवड्याला एक इंच, पाऊस धरून. ट्यूनाचा रिकामा डबा स्प्रिंकलरखाली ठेवा, तो एक इंच भरायला किती मिनिटं लागतात ते एकदाच मोजा. ते पाणी दोन वेळांत विभागून पहाटे द्यायचं. संध्याकाळी दिलं तर पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशी धरते. रोज दहा मिनिटांचा शिडकावा सगळ्यात वाईट, त्याने मुळं वरच राहतात. आणि पाणी द्यायचं नसेल तर नका देऊ. तपकिरी झालेलं गवत मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांतून अर्धा इंच पाणी मिळालं की त्याचा जीव टिकतो.

पण ऑगस्टच्या शेवटी तपकिरी जागा पायाखाली भुसभुशीत लागली आणि गवत सतरंजीसारखं गुंडाळत वर आलं, तर ती हुमणी. हो, आपल्या उसातलीच, म्हणजे तिची भावकी. इथे ती बहुधा जपानी भुंगेऱ्याची अळी असते. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो 1916 मध्ये, इथेच न्यू जर्सीत, रिव्हर्टनजवळच्या एका नर्सरीत. फूटभर चौकोन फावड्याने तीन बाजूंनी कापा, घडीच्या पोळीसारखा उलटा आणि इंग्रजी सी सारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या मोजा. चार-पाच असतील तर सोडून द्या, दहाच्या वर असतील तर उपाय करा. इमिडाक्लोप्रिडच्या गटातली जुनी औषधं मधमाश्यांच्या काळजीपोटी या राज्यात घरगुती लॉनसाठी आता बंद आहेत, त्यामुळे जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. माझे वडील इथे आले होते तेव्हा त्यांनी अशी एक घडी उलटून बघितली आणि म्हणाले, "इतक्या लांब येऊन हिच्याच मागे लागलास होय?"

आता गणपती. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जमीन उबदार असते, हवा गार व्हायला लागते आणि तणाचा जोर ओसरतो. कोअर एरेटर, म्हणजे जमिनीला भोकं पाडणारं यंत्र, अर्ध्या दिवसाच्या भाड्याने मिळतो. दोन-तीन शेजारी मिळून घ्या, यंत्र जड असतं. तो मातीच्या बोटभर कांड्या उपसून वर टाकतो. त्या उचलू नका, पावसात विरघळतात. त्याआधी स्प्रिंकलरच्या प्रत्येक हेडशेजारी झेंडी रोवा, नाहीतर प्लंबरचा खर्च. मग टॉल फेस्क्यूचं चांगलं बियाणं, आहे त्याच लॉनवर पेरायचं तर गुंठ्याला चार-पाच पौंड. दाताळ्याने हलकं मातीत मिसळा. बी मातीला टेकलं पाहिजे, गवतावर लटकलेलं बी चिमण्यांचं. दोन-तीन आठवडे रोज दोनदा हलकं पाणी. रायग्रास आठवड्यात दिसतं, फेस्क्यूला दहा-बारा दिवस लागतात, ब्लूग्रास तीन आठवडे वाट बघायला लावतं.

खताचं मुख्य कामही याच दिवसांत. पोत्यावरचे तीन आकडे म्हणजे तेच नत्र, स्फुरद, पालाश. गावाकडे 10:26:26 बघितलेल्यांना इथे मधला आकडा शून्य दिसेल. 2011 च्या राज्य कायद्यानुसार माती परीक्षणात कमतरता निघाल्याशिवाय किंवा नवीन पेरणी असल्याशिवाय लॉनला स्फुरद घालता येत नाही, कारण ते वाहून तळ्या-नद्यांत शेवाळ माजवतं. 15 नोव्हेंबर ते 1 मार्च घरमालकाने खत टाकायचंच नाही. माती परीक्षण रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा करते, काउंटीच्या (जिल्ह्याच्या) एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे कृषी विस्तार कार्यालयात, किट मिळतं. इथली माती बऱ्याचदा आम्लधर्मी असते. सामू (pH) सहाच्या खाली निघाला तर कुठलंही महाग खत आणण्यापेक्षा चुना टाका.

दिवाळीच्या सुमाराला पानगळ. थर जाड नसेल तर मोअरनेच चुरा करून तिथेच सोडा. जाड असेल तर मात्र गोळा करा, नाहीतर खाली नवीन रोपं गुदमरतात. गवत वाढायचं थांबेपर्यंत कापणी चालू ठेवा. स्प्रिंकलरच्या पाइपांत उरलेलं पाणी थंडीआधी हवेने उडवून घ्या. पेट्रोलच्या मोअरची टाकी रिकामी करा किंवा त्यात पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर टाका, नाहीतर मार्चमध्ये दोरी ओढून खांदा जाईल. बर्फाच्या दिवसांत ड्राइव्हवेच्या कडेला बर्फ वितळवायचं मीठ जपून टाका.

2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. बियाणं ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा आणि पोत्यामागच्या पट्टीवर तणाच्या बियांचं प्रमाण वाचून घ्या. एरेटरचं बुकिंग लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) आधी करा. त्यानंतरच्या शनिवारी आपल्या लोकांनी भरलेलं सगळं एडिसन गाव तिथे रांगेत असतं.