वेस्ट इंडियन चेरी: फुलं भरपूर, पण फळ धरत नसेल तर

वेस्ट इंडियन चेरी लावणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. झुडूप तरारून वाढतं, वर्षातून तीन-चार वेळा गुलाबी फुलांनी भरून जातं, आणि थोड्याच दिवसांत सगळी फुलं खाली पडतात. मग खत वाढवलं जातं, पाणी वाढवलं जातं. दोन्हींनी पानं वाढतात, फळं नाही. अडचण बहुतेक वेळा मातीत नसते, फुलात असते. म्हणून इथे लागवड आणि निगा गरजेपुरती सांगून परागीभवनावर, म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचण्यावर, जास्त जागा दिली आहे.

रोप घेताना

असेरोला आणि बार्बाडोस चेरी ही याच झुडपाची नावं. शास्त्रीय नाव माल्पिघिया इमार्जिनाटा. थंड प्रदेशातल्या चेरीशी याचं काही नातं नाही, त्यामुळे याला थंडीची गरज नसते. उलट कडाक्याच्या थंडीत, तापमान शून्याखाली गेलं की लहान रोप मरतं.

रोपवाटिकेत याची गल्लत सुरिनाम चेरीशी होते. सुरिनाम चेरीच्या फळाला लहानशा भोपळ्यासारख्या सात-आठ ठळक शिरा असतात, असेरोलाच्या फळावर फक्त तीन पुसट भाग दिसतात. रोपावर फळ नसेल तर एक पान चुरगळून वास घ्या. सुरिनाम चेरी जांभळाच्या कुळातली, तिच्या पानाला उग्र वास येतो. असेरोलाच्या पानाला तसा वास नसतो.

बियांपासून केलेलं रोप शक्यतो घेऊ नका. एका फळात तीन बिया असतात, पण त्यांतल्या बऱ्याच बियांत गर्भच तयार झालेला नसतो, म्हणून उगवण फार कमी होते. जी रोपं उगवतात त्यांची फळं गोड निघतील की आंबट, हे आधी सांगता येत नाही. छाट कलम (फांदीचा तुकडा रुजवलेलं) किंवा गुटी कलम (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून वेगळं केलेलं) घ्या. त्याला साधारण दीड-दोन वर्षांत फळ दिसू लागतं.

गोड जातींत ‘फ्लोरिडा स्वीट’ आणि ‘मनोआ स्वीट’ ही नावं आढळतात, तर ‘बी-17’ ही आंबट जात आहे. सर्वसाधारणपणे आंबट जातींत क जीवनसत्त्व जास्त असतं. नुसती फळं तोंडात टाकायची असतील तर गोड जात बरी. सरबत आणि जेलीसाठी आंबट जातीला तोड नाही.

जागा असेल तर दोन झुडपं लावा, आणि ती दोन वेगवेगळ्या मूळ झाडांची हवीत. एकाच झाडाच्या फांद्यांची दहा कलमं लावली तरी परागाच्या दृष्टीने ते एकच झाड. अनेक झाडांचं स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही, दुसऱ्या जातीचा पराग मिळाला की फळधारणा लगेच सुधारते.

घरी छाट कलम करायचं असेल तर

पेन्सिलएवढी जाड, अर्धवट पक्व फांदी निवडा. ती हिरवी-कोवळी नको आणि खडखडीत जुनीही नको. 15 ते 20 सेंमीचा तुकडा घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्या. वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढा. खालचं टोक रूटिंग पावडरीत (मुळं फुटायला मदत करणारी पूड) बुडवा आणि जाड वाळू व कोकोपीटच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात तिसरा हिस्सा खोल खोचा. वरून पारदर्शक पिशवी घालून सावलीत ठेवा. मुळं फुटायला सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात मिश्रण ओलसर राहू द्या, चिकचिकीत नको. सडणारी बहुतेक कलमं जास्त पाण्यानेच सडतात. आठवा आठवडा येईपर्यंत उपटून पाहू नका, नुकती फुटलेली मुळं लगेच तुटतात.

जागा आणि माती

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत झुडूप जगतं, पण फुलं विरळ येतात. पसरायला चारी बाजूंनी अडीच-तीन मीटर जागा लागते. कुंपण म्हणून ओळीत लावायचं असेल तर दीड मीटर अंतर पुरे. मुळं वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात झुडूप कलतं. आडोशाची जागा चांगली.

निचरा आधी तपासा. 30 सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा. तीन-चार तासांत तो रिकामा झाला नाही तर तिथे 30 सेंमी उंच वाफा करून वरच लागवड करा. मुळांशी पाणी साचलं तर पानं पिवळी पडून गळतात आणि मुळं कुजतात.

लागवडीचा खड्डा दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल पुरेसा. काढलेल्या मातीत एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. रोप पिशवीत जेवढं खोल होतं, जमिनीतही तेवढंच ठेवा. खोडाभोवती माती चढली तर साल कुजते. आळं करून भरपूर पाणी द्या आणि पालापाचोळ्याचं 5 ते 8 सेंमी आच्छादन करा, मात्र ते खोडापासून चार बोटं लांब राहू द्या.

मातीचा सामू (पीएच) 6 ते 6.5 च्या आसपास असला की झाड खुशीत असतं. फार आम्ल मातीत बागेचा चुना घालावा लागतो. चुनखडीच्या मातीत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. ही लोहाची कमतरता आहे. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाण्यात मिसळून मुळांशी दिलं की नव्या पानांचा रंग सुधारतो. शेणखत वाढवून हे जात नाही.

कुंडी किमान 18 इंच व्यासाची घ्या. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाड वाळू असं मिश्रण करा. कुंडीतलं झुडूप दीड मीटरच्या आत राखता येतं आणि चांगलं फळही देतं. दर दोन-तीन वर्षांनी गुंडाळलेली मुळं कापून माती बदला.

पाणी, ताण आणि बहार

पहिले दोन महिने दर दोन-तीन दिवसांनी पाणी द्या. जमिनीत रुजलेलं झुडूप कोरडेपणा बराच सोसतं. कोरड्या हवेत मोठ्या झुडपाला आठवड्याला 15 ते 20 लिटर पाणी पुरतं.

असेरोला वर्षभर थोडी-थोडी फुलत नाही, तिला बहार येतात. कोरड्या दिवसांनंतर पाऊस पडला किंवा भरपूर पाणी मिळालं की नवी फूट येते आणि तिच्याबरोबर कळ्या. याचा उपयोग करून घेता येतो. जमिनीतल्या झुडपाचं पाणी दोन-तीन आठवडे कमी करा. दुपारी पानं किंचित मलूल होऊन संध्याकाळी सावरतात, एवढाच ताण हवा. मग खोलवर पाणी द्या. साधारण एक-दोन आठवड्यांत कळ्या दिसतात. कुंडीत ताण फार लवकर बसतो, तिथे पाच-सहा दिवस पुरे. सकाळीही पानं मान टाकून असतील तर ताण जास्त झाला, त्याच दिवशी पाणी द्या.

फळ धरल्यावर मात्र ताणाचं नाव काढायचं नाही. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत जेमतेम तीन ते चार आठवडे लागतात. या काळात माती एकदा सुकली आणि एकदा चिंब झाली तर हिरवी फळं गळतात, पिकत आलेली तडकतात.

फूल गळण्याचं मूळ कारण

फूल हातात घेऊन नीट बघा. पाच पाकळ्या, कडेला झालर, देठाकडे अरुंद झालेल्या, अगदी छोट्या चमच्यांसारख्या. मध्ये दहा पुंकेसर, म्हणजे पराग देणारे नर तंतू, आणि त्यांच्यामध्ये तीन कुक्षीवृंत, म्हणजे टोकाला पराग झेलणारी कुक्षी असलेले मादी दांडे. आता फूल उलटं करा. पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांवर (निदलांवर) फुगीर गाठी दिसतील. या तेलाच्या ग्रंथी आहेत. या फुलात मधमाशीसाठी मध नसतो, तेल असतं.

मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग ही या झुडपाची मूळ भूमी. तिथे सेंट्रिस नावाच्या एकट्याने राहणाऱ्या मधमाश्या हे तेल गोळा करायला येतात. पाकळीचा अरुंद भाग जबड्यात धरून त्या फुलावर बसतात, पायांनी तेल खरवडतात आणि त्याच वेळी पोटाला लागलेला पराग दुसऱ्या फुलावर पोचवतात. आपल्या ओळखीची मधमाशी कधीतरी पराग न्यायला येते, पण मध नसल्याने तिला या फुलांची फारशी ओढ नसते. ज्या भागात सेंट्रिस नाही, तिथे हे काम माणसाने केलं की फरक डोळ्यांना दिसतो.

हाताने परागीभवन असं करा:

1. सकाळी उमललेली ताजी फुलं निवडा. सात ते दहाची वेळ चांगली. फूल कोरडं हवं, पावसाने किंवा दवाने भिजलेला पराग चिकटून गोळा होतो.
2. एका झुडपावरचं फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, म्हणजे पुंकेसर मोकळे होतात. पिवळी पूड बोटाला लागते का ते पाहा.
3. हे पुंकेसर दुसऱ्या झुडपावरच्या फुलाच्या मध्यभागी हलके घासा. तिन्ही कुक्षींना पराग लागला पाहिजे. एका फुलाचा पराग तीन-चार फुलांना पुरतो. तोडायचं नसेल तर मऊ, कोरडा रंगकामाचा ब्रश घ्या.
4. बहार असेपर्यंत रोज नव्या फुलांवर हेच करा. फूल एक-दोन दिवसांतच कोमेजतं.

पहिल्या खेपेला एका फांदीवरच करा आणि तिला दोरा बांधा. बाकीच्या फांद्यांशी तुलना केली की तुमच्या झुडपाला हाताची गरज किती, ते कळतं. काही झाडं आपापलीही बऱ्यापैकी फळतात, तिथे ही मेहनत नको. एकच झुडूप असेल तरी ब्रश फिरवून पाहा. धारणा कमी असेल, पण शून्यापेक्षा बरी. फुलं असताना कीटकनाशक मारू नका.

परागीभवन करूनही फुलं गेली तर तीन गोष्टी पाहा: कडक ऊन आणि कोरडा वारा, फुलोऱ्यात पडलेला पाण्याचा ताण, आणि नत्राचा अतिरेक.

खत आणि छाटणी

नत्र, स्फुरद, पालाश सम प्रमाणात असलेलं खत थोडं-थोडं, वर्षातून तीन-चार वेळा, प्रत्येक बहारानंतर द्या. जोडीला दर सहा महिन्यांनी दोन घमेली कंपोस्ट. युरिया नको. त्याने हिरवीगार लांब फूट येते, फुलं कमी होतात आणि मावा धावत येतो.

छाटणी मोठा बहार संपल्यावर. वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या बुडापासून काढा, उंची दोन मीटरवर आणा. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त कापू नका. कुंपणासारखी वरून सपाट कात्री फिरवली तर ज्या टोकांवर कळ्या येणार तीच जातात. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, कारण कोवळ्या पानांवर बारीक लव असते, ती कातडीत टोचून खाज आणि पुरळ उठवते.

काय बिघडतं

सर्वांत वाईट शत्रू सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, विशेषतः हलक्या वाळूच्या जमिनीत. पाणी-खत असूनही झुडूप खुरटतं, दुपारी मलूल होतं. बाजूची एक बारीक मूळ उकरून पाहा, गाठी दिसल्या तर तेच. जमिनीतून त्यांना पूर्ण घालवता येत नाही. भरपूर कंपोस्ट, जाड आच्छादन आणि निंबोळी पेंड यांनी झाड तग धरतं. नवं रोप त्याच खड्ड्यात लावू नका, कुंडीत लावा.

मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण कोवळ्या फुटीवर येतात. आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य साबण, संध्याकाळी. फळमाशीने डंख केलेल्या फळात अळ्या सापडतात. पडलेली फळं रोज उचलून नष्ट करणं हाच त्यावरचा खात्रीचा उपाय. पक्ष्यांसाठी जाळी लावा.

तोडणी

फळ नारिंगीवरून लाल झालं की तोडा, बहारात रोज किंवा एक दिवसाआड. देठासकट काढा, नाहीतर पातळ साल फाटते. पिकलेलं फळ बाहेर एक-दोन दिवसच टिकतं, मग आंबू लागतं. फ्रीजमध्ये आणखी दोन-तीन दिवस मिळतात.

या फळाची ख्याती क जीवनसत्त्वासाठी आहे. 100 ग्रॅम फळात सुमारे 1000 ते 4500 मिलिग्रॅम, आणि हिरव्या फळात पिकलेल्याहून जास्त. ते उष्णतेने कमी होतं. म्हणून जेलीसाठी थोडी शिजवा, बाकीची धुऊन, कोरडी करून त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. वापरताना पूर्ण वितळू देऊ नका. वितळलेलं फळ लगेच लगदा होतं, तेव्हा गोठलेलंच मिक्सरमध्ये थोडं फिरवा आणि टोकदार बिया गाळून घ्या.