चिलटांचं घड्याळ आणि तांब्याची वायर

सावद्याला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. चुंबकानं चिलटांचं शरीरातलं घड्याळ बदलतं का, हे पाहायच्या बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी भाचीला कॉइल गुंडाळून दिली, तेव्हापासून कॉलेजची पोरं त्याच कामाला येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पिकल्या केळीवर घोंघावणारी चिलटं सकाळी-संध्याकाळी चळवळी असतात आणि दुपारी आपल्यासारखीच वामकुक्षी घेतात. सतत अंधारात ठेवली तरी हा क्रम चालू राहतो, कारण घड्याळ त्यांच्या मेंदूत आहे. त्याला उजेडाशी जुळवणारं एक प्रथिन म्हणजे क्रिप्टोक्रोम. निळा प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉनांची जोडी तयार होते आणि तिच्यावर चुंबकाचा परिणाम होतो, असा सिद्धांत आहे. 2009 साली जर्मनीतल्या प्रयोगात मंद निळ्या उजेडात 300 मायक्रोटेस्ला (चुंबकाच्या जोराचं माप) एवढं चुंबकीय क्षेत्र दिलं, तर बऱ्याच चिलटांचं घड्याळ मंदावलं. लाल उजेडात काही झालं नाही.

आता कॉइल. शेतातल्या 200 मिलिमीटर पीव्हीसी पाइपाच्या दोन चकत्या कापा. लोखंडी पाइप चालणार नाही. 22 गेजची इनॅमल वायर प्रत्येकीवर 50 वेढे, पण दुहेरी: दोन तारा जोडीनं धरून 25 वेळा. चकत्या समोरासमोर, मधे 10 सेंटिमीटर. सगळ्या तारा एकापुढे एक जोडून 0.67 अँपिअर डीसी सोडला की मधोमध 300 येतं. फोनमधल्या चुंबकमापी ॲपवर खात्री करा. करंट बंद असताना आकडा चाळीस-पंचेचाळीस दिसतो, ती पृथ्वी. हे दुकानात करू नका, मोटारींच्या लोखंडानं आकडा नाचतो.

दुहेरी कशाला, असं सगळे विचारतात. कॉइल गरम होते, आणि ऊब लागली की चिलटाची हालचाल बदलते. म्हणून असाच दुसरा संच करा आणि त्यात जोडीतल्या एका तारेची टोकं उलटी जोडा. करंट तोच, ऊब तीच, क्षेत्र मात्र एकमेकांना मारतं. हा खोटा संच नसेल तर तुमचा प्रयोग चुंबकाचा नाही, शेकोटीचा. मोजणाऱ्याला कुठला संच खरा ते सांगू नका.

चिलटं नरच घ्या, मादी अंडी घालते आणि अळ्या हिशोब बिघडवतात. नर आकारानं लहान, मागचं टोक काळं. पारदर्शक स्ट्रॉमध्ये एकेक ठेवा. एका टोकाला खाणं: 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम साखर, 2 ग्रॅम चायना ग्रास. दुसऱ्या टोकाला कापूस. स्ट्रॉच्या मध्यावर रेघ मारा. चिलट ती किती वेळा ओलांडतं ते फोनच्या टाइमलॅप्सवर लाल एलईडीच्या उजेडात मोजा. फोन मात्र लांब, त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

हे काम हिवाळ्यातच. आपल्या चैत्र-वैशाखात चिलटं करंटाआधी उन्हाळ्यानंच मरतील. वीज जाते म्हणून सप्लाय इन्व्हर्टरवर घ्या.

आधी काही दिवस 12 तास उजेड, 12 तास अंधार. मग सतत मंद निळा एलईडी, कागदाचे थर लावून. झगझगीत झाला तर घड्याळच मोडतं. चार-पाच दिवसांनी करंट सोडा. हालचाल रोज अर्धा तास उशिरा सुरू होत असेल तर घड्याळ साडेचोवीस तासांचं.

2023 साली जर्मनीतल्याच ओल्डेनबर्गच्या शास्त्रज्ञांनी जवळपास लाखभर चिलटांवर चुंबकाचे जुने वर्तन-प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि त्यांना परिणाम दिसला नाही. त्यात घड्याळाचा प्रयोग नव्हता, तरी फरक दिसला म्हणून लगेच नाचू नका. पुढच्या खेपेला दोन्ही संचांच्या जोडण्या अदलाबदल करा. फरक त्याच संचासोबत राहिला तर तो त्या संचाचा, करंटाचा नाही.