नव्या पिस्तुलाचं ताठ मॅगझिन

इथे टेक्सासमध्ये घेतलेल्या नव्या 9 मिमी कॉम्पॅक्ट पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीत, 10 काडतुसं मावतात; पण आठव्यानंतर आतली स्प्रिंग अंगठ्याला दादच देईना. उपाय साधा निघाला. लोडर (काडतुसं दाबून भरायचं छोटं साधन) वापरून मॅगझिन पूर्ण भरलं आणि पिस्तुलापासून वेगळं, कुलपात काही दिवस तसंच ठेवलं. मग रिकामं करून पुन्हा भरलं. हाताने भरताना नवं काडतूस आधीच्याच्या पुढच्या भागावर टेकवून खाली दाबायचं, मग मॅगझिनच्या ओठांखाली (वरच्या आत वळलेल्या कडांखाली) मागे सरकवायचं. नुसतं वरून रेटलं तर अंगठा सोलवटतो. आता दहावंही बसतं. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) बंद असताना मात्र पूर्ण भरलेलं मॅगझिन पिस्तुलात सहज घट्ट बसत नाही, म्हणून तेव्हा मी नऊच भरतो. स्प्रिंग कापायच्या फंदात कृपया पडू नका. ती ढिली झाली की काडतूस वेळेवर वर येत नाही.