मालवणात गाडी लावताय? या चुका टाळा

मालवणात पार्किंगचा घोळ बहुतेक वेळा एकाच हट्टातून सुरू होतो: गाडी थेट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या सुटतात त्या जेटीपर्यंत किंवा थेट वाळूपर्यंत न्यायची. गाव लहान आहे. गावात शिरताना लागणाऱ्या भरड नाक्यावरून बाजारपेठेतून चालत निघालात तर पंधरा-वीस मिनिटांत जेटी येते. सामान किंवा वयस्कर माणसं असतील तर रिक्षा मिळते. गाडी कुठे ठेवायची हे गावात शिरण्याआधी ठरवलंत, तर पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

मॅपवर ‘सिंधुदुर्ग किल्ला’ टाकून निघणं

किल्ला समुद्रात आहे, त्यामुळे मॅप तुम्हाला जेटीच्या दिशेने नेतो आणि वाट बाजारपेठेतून जाते. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये एसटी, टेम्पो आणि मासळीच्या गाड्या. समोरून मोठी गाडी आली की मागे घ्यायला जागा नसते आणि मागे रांग लागलेली असते. जेटीच्या तोंडाशी थोडी जागा आहे, पण सुट्टीच्या दिवशी ती सकाळीच भरते. तिथपर्यंत जाऊन परत वळायचं म्हणजे त्याच गर्दीतून उलटं यायचं.

मुक्काम असेल तर गाडी आधी लॉजवर लावा आणि किल्ल्याला चालत जा. त्याच दिवशी परतायचं असेल, तर कसाल-चौकेमार्गे येताना कुंभारमाठ ओलांडलं की वेग कमी करा आणि भरडाच्या आसपास पार्किंगची चौकशी करा. बाजारात शिरल्यावर चौकशी करून उपयोग नाही. तारकर्ली-देवबागला जायचं असेल तर वायरीचा रस्ता धरा. जेटी बघून मग तारकर्ली, असा क्रम लावला की बाजारातून दोनदा जावं लागतं.

वेळेचा अंदाजही आधी बांधा. होडीतून जाणं-येणं, किल्ल्यावरचा साधारण तासभर आणि तिकिटाची रांग धरून गाडी दोन ते अडीच तास उभी राहते. मे आणि दिवाळीच्या सुट्टीत तीन तास धरा. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत होड्या बंद असतात. त्या दिवसांत जेटीजवळ गाडी नेण्याचं काही कारणच उरत नाही.

पावती न वाचता पैसे देणं

पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा: दर तासाचा की दिवसाचा, बाहेर जाऊन त्याच पावतीवर परत आत येता येईल का, रात्री फाटक कधी बंद होतं, आणि गाडीची चावी ठेवून घेणार का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. लहान आवारात गाड्या एकामागे एक लावतात आणि मागची काढायला पुढची हलवावी लागते. चावी द्यायची नसेल तर बाहेरच्या ओळीतली जागा मागा, किंवा दुसरीकडे लावा.

पावतीवर नगरपरिषदेचं, ग्रामपंचायतीचं किंवा जागामालकाचं नाव, तारीख, गाडीचा नंबर आणि वेळ असायला हवी. नुसता आकडा छापलेला चिठोरा हातात आला तर दरफलक कुठे लावला आहे ते विचारा. कोकणातल्या काही किनाऱ्यांवर ग्रामपंचायत स्वच्छता करही घेते. त्या कराची पावती म्हणजे पार्किंगची पावती नव्हे. ती दाखवून गाडी कुठेही लावता येत नाही.

‘पार्किंग फ्री’ अशी पाटी हॉटेलवर किंवा वॉटर स्पोर्ट्सच्या ठिकाणी दिसली, की ती गिऱ्हाइकांसाठी आहे हे धरून चाला. जेवणाच्या वेळी, म्हणजे साधारण एक ते तीन, थाळी खाऊन झाल्यावर गाडी तिथेच सोडून किनाऱ्यावर गेलात तर मालक वैतागणारच. दोन तास जास्त हवे असतील तर आधी विचारा. बरेच जण हो म्हणतात, काही थोडे पैसे घेतात. न विचारता सोडलेल्या गाडीमागे दुसरी गाडी लागते आणि मग तुम्हीच अडकता.

मोकळी दिसली म्हणून जागा आपली समजणं

गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून असलेली सपाट जागा, माडाच्या बागेतली वाट, किनाऱ्याकडे उतरणारी पाणंद या जागा मोकळ्या दिसतात, पण त्या कुणाच्या तरी वापरातल्या असतात. पाणंदीतून होडीचं सामान, जाळी आणि बर्फ जातो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची वेळ झाली की माणसं आणि दोर तिथूनच उतरतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, तेव्हा किनाऱ्यालगतची जागा आणखी आक्रसते. एप्रिलमध्ये जिथे गाडी लावली होती तिथे जूनमध्ये जागा मिळेलच असं नाही.

शेजारच्या घरात विचारणं हाच उपाय. खळ्यात, म्हणजे अंगणात कुणी बसलेलं असेल तर ‘काका, हंय गाडी लावली तर चलात?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. हो म्हणाले तर मोबाइल नंबर देऊन जा. काचेच्या आत नंबराची चिठ्ठी ठेवली तर आणखी बरं.

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला हिरवंगार गवत सपाट दिसतं आणि खाली गटार असतं. तांबडी माती भिजली की कड खचते. चाक उतरवण्याआधी खाली उतरून पायाने किंवा काठीने कड तपासा.

देवबागच्या रस्त्यावर ‘पाच मिनिटं’ थांबणं

तारकर्लीच्या पुढे देवबागपर्यंत एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये अरुंद पट्टी. रस्ता एकच. कडेला लावलेली एक गाडी एसटीला अडवते आणि मग दोन्ही बाजूंची रांग हलत नाही. टोकाकडे वळवायलाही जागा कमी आहे. होडीची सफर ठरवली असेल तर त्या माणसाला आधी फोन करून त्याच्या आवारात जागा आहे का ते विचारा. घरगुती निवास घेताना फाटकाची रुंदीही विचारा. जांभ्या दगडाच्या खांबांमधून लांब एसयूव्ही वळत नाही, हे बुकिंग झाल्यावर कळून फायदा नसतो.

वाळूवर गाडी उतरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. किनाऱ्यावर गाडी नेण्यास अनेक ठिकाणी बंदी आहे. पण बंदीची पाटी नसली तरी नेऊ नका, कारण इथे फसवणूक वाळू आणि भरती दोघीही करतात.

ओहोटीनंतरची ओली वाळू पायाला टणक लागते. बाराशे-पंधराशे किलोची गाडी एका जागी उभी राहिली की खालचं पाणी सरकतं आणि चाकं हळूहळू बसतात. किनाऱ्यावर शिरतानाची कोरडी, भुसभुशीत पट्टी तर आणखी वाईट. उतरताना गाडी उताराने निघून जाते, परत चढताना तिथेच रुतते.

आता भरतीचा हिशेब. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, दुपारी आणि रात्रीही. हा ढोबळ नियम आहे. मालवणात भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, त्यामुळे तासभराचा फरक धरा आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघा. ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते.

यातून निघणारा धोका नीट लक्षात घ्या. उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, असतं पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि नेमकी त्याच दिवसांत ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला येते. म्हणजे सूर्यास्त बघायला येणाऱ्याला किनारा सगळ्यात रुंद आणि सगळ्यात टणक दिसतो तो उधाणाच्याच दिवशी. मग गाडी वाळूवर ठेवून लोक जेवायला जातात. ओहोटी संपल्यावर पहिला तास-दीड तास पाणी फारसं वाढत नाही, त्यामुळे निर्धास्त वाटतं. खरी चढ मधल्या दोन तासांत असते. एकूण चढीतली जवळपास निम्मी तेवढ्यातच होते, म्हणजे साधारण साडेसात ते साडेनऊ या वेळात, अंधारात. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्म्याने. पण सपाट किनाऱ्यावर दोन मीटर चढ म्हणजे पाणी कितीतरी आत येतं.

रुतलीच तर

पहिली चूक अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहण्याची. चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःचा खड्डा स्वतः खणतं. चेसिस वाळूला टेकली की मग माणसांनी ढकलून काही होत नाही.

चाक फिरायला लागताच थांबा. पाणी किती लांब आहे आणि भरती चालू आहे की ओहोटी, ते आधी बघा. भरती असेल आणि पाणी जवळ असेल तर माणसं आणि सामान बाहेर काढा आणि लगेच ट्रॅक्टर किंवा जीपसाठी गावात निरोप द्या. स्वतःचे प्रयोग करण्यात अर्धा तास घालवू नका.

वेळ असेल तर हा क्रम ठेवा. सगळे उतरा. इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांच्या पुढची-मागची वाळू हाताने उकरा. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाकं असतात. टायरची हवा ३२-३३ पीएसआयवरून १८-२० वर आणा. टायर पसरतो आणि वाळूवर टेकणारा भाग वाढतो. चाकासमोर सुकी झावळं किंवा गाडीतली मॅट घट्ट खुपसा. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण असेल तर ते बंद करा, स्टिअरिंग सरळ ठेवा, आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने हळू रिव्हर्स घ्या. ढकलणाऱ्यांनी चाकाच्या रेषेत उभं राहू नये, मॅट उडून लागते. डांबरावर आल्यावर वेग न घेता जवळच्या पंपावर हवा भरा.

दोर बांधायचा तो टोइंग हुकलाच. तो टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आत फिरवून बसवतात. बंपरला किंवा सस्पेन्शनला बांधलेला दोर गाडीचं दुप्पट नुकसान करतो. दोर ताणलेला असताना आजूबाजूला कुणाला उभं राहू देऊ नका.

खारं पाणी केबिनमध्ये किंवा बॉनेटपर्यंत गेलं असेल तर गाडी सुरू करून बघू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्या. इंजिन प्रोटेक्ट कव्हर घेतलेलं नसेल तर इंजिनचा खर्च बहुधा स्वतःलाच करावा लागतो. नुसती चाकं भिजली असतील तर त्याच दिवशी चाकांच्या कमानी, ब्रेक आणि तळ गोड्या पाण्याने धुवा.

माडाखाली आणि वाऱ्यात

सावली हवी म्हणून माडाखाली लावाल तर आधी वर बघा. नारळ आणि सुकी झावळ काच फोडतात, टप चेमटवतात. आंबा-फणसाखालची सावली बरी. समुद्राकडे तोंड करून दोन-तीन रात्री उभी असलेल्या गाडीवर मिठाचा थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसला तर रंगावर ओरखडे येतात, आधी पाणी ओता. सपाट जागेवर हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, म्हणजे ब्रेक गंजून चिकटत नाहीत. दुचाकीचा साइड स्टँड वाळूत बसतो, त्याखाली चपटा दगड ठेवा.

सणाचा दिवस न बघता येणं

नारळी पौर्णिमेला बंदराकडे सगळं गाव लोटतं. दिवाळी पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी गावातून आणि किनाऱ्याने फिरते. आंगणेवाडीच्या जत्रेला तर मसुऱ्याकडचे सगळे रस्ते भरतात आणि त्याचा ताण मालवणपर्यंत येतो. या दिवशी वाहतूक वळवली जाते, त्यामुळे दुपारच्या आत गाडी मुक्कामी लावा आणि दुसऱ्या सकाळपर्यंत हलवायची नाही असं ठरवा. पालखीच्या वाटेवर लावलेली गाडी सगळ्यांना अडचण करते. आठवडा बाजाराचा वार लॉजवाल्यांना विचारून घ्या.

चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा पोलीस फोटो काढतात आणि ई-चलन येतं. महाराष्ट्रात नो पार्किंगला पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा तीच चूक केली तर १५००. काचेवर चिठ्ठी नाही म्हणजे दंड नाही असं समजू नका. परत गेल्यावर महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बघा. चलन चुकीचं वाटलं तर त्याच अ‍ॅपवर तक्रार करता येते, आणि त्यासाठी पार्किंगची पावती आणि गाडी लावलेल्या जागेचा एक फोटो जपून ठेवलेला असावा.